गुळाचा रंग

आमची एक पुतणी सध्यां फ्रान्स देशांत राहते. सुटींत तिनें तेथील ब्रिटनी प्रांतांतल्या एका खेड्यांतील मिठाईचा लहानसा कारखाना पाहिला व तेथें होणाऱ्या 'कॅरामेल' नांवाच्या वड्यांचा डबा आम्हांस पाठविला. साखर कोरड्या भांड्यांत सुमारें 170 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविली म्हणजे वितळून तांबूस होते. तींत साय व खारें लोणी घालून या वड्या करतात. फ्रान्सच्या राजांनीं मिठावर जबर कर बसविला होता, त्यांतून ब्रिटनीस सूट होती. म्हणून तेथें लोण्यांत मीठ घालण्याची चाल पडली, ती अद्याप टिकून आहे. परंतु पुतणीच्या पत्रांतील एक वाक्य आमच्या विशेष लक्षांत राहिलें : "काका, येथला कारागीर साखरेचा रंग पाहूनच भांडें उतरवितो, आणि त्या गडद रंगावरच गिऱ्हाइकें खूष असतात."

हें वाचून आमची आम्हांसच लाज वाटली. फ्रेंचांचा 'सुक्र' हा शब्द आपल्या 'शर्करा' शब्दाचाच फारसी-आरबी मार्गानें तिकडे गेलेला वंशज. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गूळ, खंड व शर्करा यांच्या पंक्तीस 'फाणित', म्हणजे आपली काकवी, बसविलेली आहे. असें असून, सोलापुरांत सारा जन्म गेला तरी आम्हीं गुऱ्हाळ असें नीट पाहिलें नव्हतें. म्हणून संक्रांतीपूर्वीं पंढरपूर तालुक्यांत भीमाकांठच्या एका गुऱ्हाळांत गेलों. आपला जिल्हा मूळचा ज्वारीचा. 1980 सालीं उजनी धरण पुरें झाल्यावर इकडे ऊंस फार वाढला; पण त्यांतील बहुतेक साखर कारखान्यांकडे जातो, आणि गुऱ्हाळास उरतो तो थोडा.

चरकांतून निघालेला रस गाळून काहिलींत ओतला होता. खालीं चुलाणांत वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रसाचा आंबटपणा जावा म्हणून थोडी चुन्याची निवळी, व मळी वर यावी म्हणून रानभेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घालतात. मळी काढून टाकल्यावर रस दोन-अडीच तास आटतो. मग गुळव्या थोडा पाक थंड पाण्यांत टाकून बोटांनीं चाचपतो. त्याची गोळी वळली कीं काहील उतरवावयाची. त्या वेळीं पाकाची उष्णता 115 ते 118 अंशांच्या आसपास असते, पण गुळव्याचें सारें शास्त्र त्याच्या बोटांत. शंभर किलो उंसापासून दहा-बारा किलो गूळ निघतो.

एवढ्यांत त्यानें एका डब्यांतून मूठभर पांढरी पूड घेऊन काहिलींत टाकली आणि तांबूस पाक पाहतां पाहतां पिवळा झाला. ही पूड म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळांत तिला 'हैड्रोस' म्हणतात. तिच्यामुळें गंधकाचा अंश गुळांत राहतो, व तो दमेकऱ्यांस विशेष बाधतो. किलोमागें 70 मिलिग्रॅमांहून अधिक सल्फर डायॉक्साइड गुळांत असूं नये, असा नियम आहे. पण चुलाणापाशीं मूठ हेंच माप! शिवाय हा उसना रंग फार टिकतहि नाहीं. गूळ साठवून ठेवला कीं पुन्हां काळवंडूं लागतो.

आम्हीं जरा मास्तरी स्वरांतच विचारलें, "बाबा, हें कशाला घालतां ?" तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शहरातली माणसं रंग बघता, म्हणून आम्ही रंग देतो. काळ्या गुळाला सौद्यात भाव नाही." मग त्यानें कोपऱ्यांतील एक तांबडीकाळी ढेप दाखविली. "ही घरची. आमची पोरं हाच खातात."

या उत्तरावर आम्हांस बोलण्यास जागा उरली नाहीं. वाण्याच्या दुकानांत जाऊन "पिवळाधमक दाखवा" असें वर्षानुवर्षें म्हणत आलों तें आम्हीच. उंसाच्या रसांतील द्रव्यें कढतांना तांबूस होणारच. शिवाय उंसाची जात व जमिनीचा खारेपणा यांप्रमाणेंहि रंग बदलतो. फ्रेंच माणूस ज्या रंगास दाम देतो, त्याच रंगास आम्हीं मळ समजलों. अर्थात् काळा तेवढा सारा उत्तम, असेंहि नव्हे. करपलेला गूळहि काळाच असतो. म्हणून गृहिणींनीं रंग सोडून वास घ्यावा, खडा मोडून कण पाहावा, जिभेवर ठेवून करपट वा खारट लागतो का तें पाहावें, आणि दुकानदारास "पूड न घातलेला आहे का ?" असें स्पष्ट विचारावें. हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला गेला, तर तो सौद्यांतून गुळव्यापर्यंत आपोआप पोहोंचेल.

ती घरची ढेप आम्हीं मागून घेतली. घरीं आणतांच मंडळी म्हणाल्या, "हा कोणीं फुकट दिला वाटतें !" धाकट्या सूनबाईंची अडचण निराळी होती. "मामंजी, हळदीकुंकवाला बायका काय म्हणतील ?" प्रश्न खरा होता. अखेर दोन्ही गुळांचे लाडू झाले. काळसर लाडू प्रथम कोणीं उचलीना. आमच्या नातवंडांनीं मात्र चव घेतल्यावर तेच मागितले.

पुढील महिन्याची वाण्याची यादी नेहमीप्रमाणें आमच्या हातीं आली. तींत 'पिवळा गूळ, दोन किलो' असें लिहिलें होतें. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुका आम्हीं तांबड्या शाईनें खोडल्या. त्याच शाईनें त्या यादींतील 'पिवळा' हा शब्द खोडला.