'प्रार्थना केलीस का?' एवढ्यावर थांबू नये

संडे स्कूलला जाणाऱ्या मुलाकडून हमखास पाठ करून घेतलं जातं ते बायबलमधलं 23वं स्तोत्र, मेंढपाळाचं. अवघ्या सहा वचनांचं, गोड, धीर देणारं. त्याच्या आधीचं 22वं मात्र क्वचितच कुणी शिकवतं. देवाने आपल्याला का टाकलं, असा आक्रोश त्यात आहे, आणि क्रूसावर येशूच्या तोंडी आले ते याच स्तोत्राचे शब्द. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश अशी विलापाची आहेत. मुलांच्या वाट्याला बहुधा उरलेली येतात.

मुलांच्या दुःखाचा आणि भीतीचा हा विषय चर्चशी जुनं नातं असलेल्या नागपुरात निघायलाच हवा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे 1845 मध्ये आले. सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तीही याच शहरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. देशातल्या चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालयही इथलंच.

घाबरलेल्या मुलाला प्रार्थनेचा आधार द्यावा का? जरूर द्यावा. बोर्डाच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या मुलीला किंवा आजी आयसीयूत असलेल्या मुलाला आपलं ऐकणारं कुणीतरी आहे, ही खात्री फार मोलाची असते. खटकतं ते वेगळंच. 'भीती वाटते' म्हटलं की 'प्रार्थना केलीस का?' हा प्रश्न येतो आणि तरीही भीती गेली नाही, तर 'विश्वास कमी पडला' हा निकाल. गणिताचा पेपर होताच, त्यात आता देवाचाही. मग मूल शहाणं होतं आणि भीती सांगणंच सोडून देतं.

बायबल इतकं कठोर नाही. ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो, पण प्रवचन झोडत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. 'ऊठ, खा' एवढंच सांगणं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्या खेपेलाही तेच. सविस्तर बोलणं होतं ते पुढे चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ होतो आणि तीन शिष्यांना जवळ जागत बसायला सांगतो (ते झोपी जातात, हा भाग पालकांनी आपल्याकडे लावून घ्यावा). प्रेषित पौलाने देहातला काटा काढावा म्हणून देवाला तीनदा विनवलं; काटा राहिलाच. त्याच्या विश्वासाचे मार्क कुणी कापले नाहीत.

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या कहाणीतही नागपूर आहे. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. टिळक ते हातात पेन्सिल धरून, शंका काढत वाचायला बसले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी आपलं रडणं, चिडणं, खुळ्या समजुती, काहीही झाकलेलं नाही. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना त्यातली दोन-चार पानं वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आता नाजूक भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2021 मध्ये महाराष्ट्रात 1,834 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. देशातल्या राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. अशा वेळी प्रार्थना की समुपदेशन, हा वाद घालणंच चूक. ज्या स्कॉटिश मिशनने नागपुरात प्रार्थना शिकवली, त्याच मिशनने सीताबर्डीत मूर मेमोरियल हॉस्पिटलही उभारलं. शरीराच्या दुखण्याला डॉक्टर चालतो, तर मनाच्या दुखण्याला का चालू नये? केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. चर्चच्या नोटीस बोर्डावर तो लावायला खर्च काय येतो?

संडे स्कूलचे शिक्षक बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात. कुणी कॉलेजात शिकणारं, कुणी नोकरी-घर सांभाळून येणारं. मुलाने मरणाची भाषा काढली तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी पालकांना आणि डॉक्टरांना गाठायचं, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. उन्हाळ्यातल्या व्हीबीएससाठी, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी, गाणी, अ‍ॅक्शन आणि हस्तकलेची तयारी होतेच. त्यातली एक दुपार यासाठी काढायला चर्चच्या सिनॉडच्या ठरावाची गरज नाही.