पाळी चुकण्याआधीचा प्रश्न

२६ सप्टेंबर हा जागतिक गर्भनिरोधन दिन. वऱ्हाडात या दिवसांत सोयाबीन सोंगायची घाई असते. विळा घेऊन निघालेल्या कितीतरी बायांच्या पदराच्या गाठीला तंबाखूची पुडी असते, दातांना मिश्री नाहीतर गुडाखू लावलेला असतो. दाढ ठणकत होती, पोट साफ होत नव्हतं, शेतात भूक मारायची होती, अशा साध्या कारणांनी लागलेली ही सवय. तिला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे नवऱ्याची दारू. म्हणून तपासणीत ‘काही व्यसन?’ असं विचारलं, की ती अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणते.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मेळघाटात, जिथे अडीच किलोचं बाळ हीच आनंदाची बातमी असते, तिथे हे १०५ ग्रॅम फार मोठे आहेत. मोहाच्या दारूचा धोका आणखी वेगळा: मद्य वारेतून थेट गर्भापर्यंत पोचतं.

आणि वेळ हातात नसते. पाळी चुकून पंधरा दिवस होतात, तोवर गर्भाच्या हृदयाची हालचाल सुरू झालेली असते. बाराव्या आठवड्याआधी नाव नोंदवलं तर आपण ती लवकर झालेली नोंदणी मानतो; पण मुख्य अवयवांची घडण तोवर होऊन गेलेली असते. जिने मूल ठरवलेलंच नव्हतं, तिला तर दिवस गेल्याचा संशयही उशिरा येतो. नको असताना राहिलेला गर्भ आणि तंबाखू-दारूची सवय हे दोन प्रश्न म्हणून वेगळे करताच येत नाहीत.

आपल्या नोंदवह्यांनी मात्र ते वेगळे केले आहेत. कोणती जोडपी कोणतं साधन वापरतात, हे पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत. तंबाखू, दारूचा प्रश्न असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी-तक्त्यात, आणि तो तक्ता भरायचा तिशी ओलांडलेल्यांचा. आपल्याकडे तिशीपर्यंत बहुतेक बायांची बाळंतपणं आटोपलेली असतात! विशीतल्या सुनेला हा प्रश्न कुणी विचारायचा? अमरावतीत ‘डफरीन’ किंवा अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’ रुग्णालयात ती कळा घेऊन पोचते, तेव्हा विचारून उपयोग काय?

हे दोन्ही प्रश्न एकाच भेटीत, लग्न होऊन आलेल्या प्रत्येकीला विचारले जावेत, असं आम्हाला वाटतं. अमेरिकेत ‘चॉइसेस’ या कार्यक्रमाने दारू पिणाऱ्या स्त्रियांपुढे दोन्ही वाटा ठेवल्या: दारू कमी करा किंवा सोडा, नाहीतर तोवर गर्भ राहू देऊ नका, किंवा दोन्ही करा. निवड तिची. ही अट इथे जास्तच कडक पाळावी लागेल. १९७६ च्या सक्तीच्या नसबंदीची धास्ती गावं विसरलेली नाहीत. उत्तर सासूच्या कानी जाता कामा नये, आणि नवऱ्यालाही त्याच्या खर्ऱ्या-दारूबद्दल तितक्याच स्पष्टपणे विचारायला हवं. दोष एकटीच्या पदरात टाकणारी तपासणी दुसऱ्या भेटीला दार बंद करून घेते.

‘व्यसन’ हा शब्द आधी गाळावा. ओसरीवर नव्हे, आतल्या खोलीत बसून आशाताईने विचारावं, ‘‘दाताले काय लावता, ताई?’’ आणि मग, ‘‘लेकरू आता पाह्यजे का, का थांबायचं हाय?’’ थांबायचं असेल तर निरोध आणि माला-एन तिच्या पिशवीत असतात, तांबी आणि ‘अंतरा’चं इंजेक्शन आरोग्य केंद्रात.