मालवणला जाणार असाल तर

सुट्टी लागली की मालवण-तारकर्लीचे बेत ठरतात. किल्ला, मासे आणि हल्ली स्नॉर्केलिंग. तुम्हीही जाणार असाल तर एवढे ऐका: पाण्याखाली खडकासारखा दिसतो तो प्रत्येक दगड खडक नसतो. त्यात जिवंत प्रवाळ असतो. त्यावर पाय टेकवू नका. फोटोसाठी तर नाहीच नाही. आणि होडीवाला प्रवाळावर नांगर टाकायला लागला तर गोड शब्दांत त्याला अडवा. 1987 पासून इथला समुद्र अभयारण्य आहे, हे बऱ्याच पर्यटकांच्या गावीही नसते.

प्रवाळाचा एकेक जीव काही मिलिमीटरचा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. रंगही बराचसा त्याच्यामुळेच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे मेला असे नाही. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. नाही निवले, तर उपाशी मरतो. मग सांगाड्यावर शेवाळ माजते आणि नव्या पिलांना रुजायला जागा मिळत नाही. त्यानंतर पाणी थंड झाले, तरी गेलेले परत येईलच असे नाही. शास्त्रज्ञ ज्याला टिपिंग पॉइंट म्हणतात तो हाच.

लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मधली वर्षे मोजा: 12, 6, 8. सावरायला दशकभर तरी लागते. म्हणजे आजारी माणूस उठून बसतो न बसतो तोच पुन्हा ताप.

हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने 2018 मध्येच सांगितले होते: जागतिक तापमानवाढ 1.5 अंशांवर गेली तर उष्ण समुद्रांतले 70 ते 90 टक्के प्रवाळ जातील. 2 अंशांवर जवळजवळ सगळेच. 2024 हे वर्ष 1.5 अंशांच्या वर गेले. एका वर्षावरून दीर्घकालीन सरासरी ठरत नाही, हे खरे. पण 2070 पर्यंत नेट झीरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन, हे आपल्या देशाचे उद्दिष्ट ऐकून मला धीर येत नाही. मधल्या वर्षांत किती धूर सोडणार, हा खरा प्रश्न आहे.

पाय न टेकवल्याने समुद्र थंड होणार नाही, हे मलाही कळते. त्याने प्रवाळाला सावरायला थोडी उसंत मिळेल, इतकेच. ताप उतरवायचा तर कोळसा कमी जाळावा लागेल, आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. सरकारला जाब विचाराच. मते मागायला येणाऱ्याला विजेबद्दल विचारायला काय हरकत आहे? पण तोवर स्वतःचे छप्परही बघा. पीएम सूर्य घर योजनेत घरगुती सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांनाही सामायिक वापरासाठी, वेगळ्या दराने, अनुदान मिळते. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला लावा. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची वर्षभराची बिले सचिवांकडे असतातच. सभेआधी तेवढी मागून घ्या, म्हणजे संच केवढा हवा याचा अंदाज येईल.