संततिनियमनाचा कायदा आणि त्याचा जमाखर्च

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. चिकित्सालयात एक गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि सून असे तिघे आले. सून दोन महिन्यांची गर्भवती होती आणि पहिली मुलगी तीन वर्षांची होती. व्याधी म्हणावी अशी तक्रार कोणाचीच नव्हती. गृहस्थांनी प्रस्तावना न करता सांगितले, "डॉक्टर, आमचा वॉर्ड लेडीज राखीव पडलाय. सूनबाईला उभं करायचंय. तिसऱ्याला कायदा आडवा येतो. तेव्हा जे काय व्हायचं ते याच खेपेला झालं पाहिजे. शिवलिंगीचं काय असेल ते द्या." सूनबाई भिंतीवरच्या धन्वंतरीच्या तसबिरीकडे पाहत बसल्या होत्या. मी औषध नाकारले, चार शब्द समजावून सांगितले आणि मंडळी निघून गेली. तीन महिन्यांनी तीच रुग्णा सासूबरोबर आली. गर्भ 'पडला' असे सासूने सांगितले. कोठे व कसा, याचे उत्तर मिळाले नाही. रक्तस्राव थांबत नव्हता, म्हणून त्यांना तातडीने तालुक्याच्या रुग्णालयात पाठविले. पुढे त्या बऱ्या झाल्या आणि निवडूनही आल्या.

या प्रसंगात कायद्याचा भंग कोठे झाला असावा याचा तर्क करणे कठीण नाही. मला अधिक अस्वस्थ करते ते कायद्याचे पालन. दोन अपत्यांची अट त्या कुटुंबाने काटेकोरपणे पाळली होती.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ही अट आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरे अपत्य झाले, तो सदस्यत्वास अपात्र ठरतो. जुळ्यांची कायद्याने गणितात सोय केली आहे. एका अपत्यानंतर एकाच प्रसूतीत जन्मलेली बालके एकच धरली जातात. २००५ मध्ये 'लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापना'च्या नियमांनी शासकीय नोकरीसही हीच अट लागू झाली. पंचायतीच्या अटीस २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या प्रकरणात वैध ठरविले. तेव्हा तिच्या वैधतेविषयी मला वाद घालावयाचा नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. या कायद्याचा लाभ किती, खर्च किती आणि तो खर्च कोणाच्या खात्यावर पडतो?

अर्थशास्त्राचा साधा नियम असा की वस्तूचा पुरवठा आखडला आणि मागणी तशीच राहिली, तर भाव चढतो. कायद्याने प्रसूतींची संख्या आखडली. पुत्राची इच्छा आखडली नाही. पाच प्रसूतींत एखादा मुलगा होण्याची वाट पाहणारे कुटुंब दोन प्रसूतींत तो 'मिळविण्या'साठी पैसा मोजू लागले. राज्यातील शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ राहिल्या. ही घसरण कायद्याच्या आधीपासून सुरू होती आणि तिचे प्रमुख साधन सोनोग्राफी हे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण आगीत कोणी तेल ओतले का, हा प्रश्न उरतोच. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती या अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या राज्यांतील अशा कायद्यांचा अभ्यास केला. त्यांना दोन्ही गोष्टी आढळल्या. जन्म घटले, म्हणजे कायद्याचा परिणाम झाला. आणि उच्चवर्णीय कुटुंबांत जन्माच्या वेळचे लिंगगुणोत्तर अधिक बिघडले. मध्य प्रदेशाच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांच्या २००५ मधील अभ्यासात पाच राज्यांतील अनुभव आहेत. पद टिकविण्यासाठी पत्नीस टाकणे, गर्भपात करविणे, मूल दुसऱ्यास देऊन टाकणे, असे ते अनुभव. मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बिनचूक असेल. त्या मुलाने मोठेपणी तो वाचला तर त्यास काय वाटेल, हे मात्र कोणत्याच निकालपत्रात येत नाही.

लाभाची बाजूही पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ पुरेसा असतो. हे श्रेय कायद्याचे मानावे, तर केरळ व तमिळनाडूत पंचायतीस अशी अट नसताना त्याच फेरीत दर १.८ होता. मुलींचे शिक्षण आणि जगलेल्या मुलाची शाश्वती यांनी जे केले, त्याची पावती आपण अपात्रतेच्या कलमाच्या नावे फाडत आहोत. आंध्र प्रदेशाने आपली १९९४ पासूनची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली, आणि तेथील मुख्यमंत्री आता अधिक अपत्यांचे आवाहन करतात. (घरात किती पाळणे हलावेत हे मंत्रालयाने ठरवायचे, ही सवय काही सुटत नाही!)

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, आणि पुढे याच कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. त्यांचा भर स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा यांवर होता. १९५२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम हाती घेतला आणि हळूहळू इच्छेची जागा उद्दिष्टाने घेतली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात नसेल. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्यानंतर पुरुष नसबंदीची जी धास्ती बसली ती आजही आहे. सर्वेक्षणानुसार राज्यातील प्रजननक्षम वयाच्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शेकडा अर्धासुद्धा नाही. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची आणि कमी खर्चाची.

दर पाहा. केंद्राच्या २००७ च्या दरपत्रकात महाराष्ट्रासारख्या राज्यात दारिद्र्यरेषेवरील स्त्रीस मजुरीच्या नुकसानभरपाईपोटी २५० रुपये, दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रीस ६०० रुपये आणि पुरुषास १,१०० रुपये ठरले. २०१४ मध्ये ११ राज्यांचे दर वाढले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याच महाराष्ट्रात २०१७ च्या सुधारित 'माझी कन्या भाग्यश्री' योजनेत एका मुलीनंतर शस्त्रक्रिया करणाऱ्यास ५०,००० रुपयांची ठेव होती. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेचे मोल एका खिडकीवर अडीचशे आणि दुसऱ्या खिडकीवर पन्नास हजार. पैकी अडीचशेची खिडकीच गावापर्यंत पोहोचते.

आणि ही शस्त्रक्रिया निष्फळ ठरली तर? हरियाणातील एका मजूर स्त्रीच्या बाबतीत शासकीय रुग्णालयाने एकच बीजवाहिनी बांधली होती. तिला पुन्हा मूल झाले आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलीच्या संगोपनाचा खर्च शासनावर टाकला. २००५ मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने मर्यादा घातली. निष्काळजीपणा सिद्ध झाला पाहिजे, शस्त्रक्रिया निसर्गतःही निष्फळ होऊ शकते, आणि १९७१ च्या कायद्याने गर्भपाताचा मार्ग खुला असताना गर्भ ठेवल्यास मूल 'नको असलेले' म्हणता येत नाही, असे ते विवेचन. शल्यतंत्र शिकलेल्या कोणाही वैद्यास पहिले दोन मुद्दे पटतील. तिसरा मात्र पोटाची चाहूलच उशिरा लागणाऱ्या शेतमजूर स्त्रीला लावून पाहावा. त्याच वर्षी विम्याची योजना आली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये न्यायालयाने शिबिरांची पद्धतच तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

येथवर शासनाकडे बोट दाखविले. आता उरलेली बोटे.

पुत्रप्राप्तीचे औषध हा आपल्या व्यवसायाचा एक अघोषित विभाग आहे, हे वैद्यबांधवांस सांगावयास नको. त्याचे अर्थशास्त्र विलक्षण आहे. "मुलगा झाला तरच पैसे द्या," असे सांगणारा चिकित्सक प्रामाणिक वाटतो. वास्तविक निसर्गतः शंभरांत एकावन्न वेळा मुलगाच होतो. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांकडून शुल्क नक्की, आणि उरलेल्यांना मोफत औषध दिल्याचे पुण्य. इतका निर्धोक धंदा सावकारीतही नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मीही एका नातलगाच्या आग्रहाखातर शिवलिंगीची पुडी दिली होती. मुलगा झाला. पेढे आले, आणि पेढ्यांमागून त्याच गावचे अकरा जण आले. ते थोपविण्यास मला जे कष्ट पडले, तेवढे दवाखाना उभारण्यास पडले नाहीत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात पुंसवन आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु गर्भाचे लिंग बीजसंयोगाच्या क्षणीच ठरते, हे आज ज्ञात असताना दोन महिन्यांच्या गर्भिणीस ते औषध देणे ही शास्त्रनिष्ठा नव्हे. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधे घेणाऱ्या स्त्रियांत मृतजन्म व गर्भविकृती यांचा संबंध अधिक आढळला आहे. २००३ च्या सुधारणेनंतर १९९४ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये जाहिरातीवरील बंदी शास्त्रीय किंवा अन्य कोणत्याही उपायास लागू आहे. 'अन्य' या शब्दात आपण येतो. उलट पिप्पली, विडंग व टंकण यांचा गर्भनिरोधक योग आपल्या केंद्रीय संशोधन परिषदेने अभ्यासला. त्याची विचारणा वीस-बावीस वर्षांत मला एकाही रुग्णाने केली नाही.

२०१४ च्या गर्भपातविषयक सुधारणेच्या मसुद्यात आयुर्वेदाच्या पदवीधरांस मर्यादित अधिकार देण्याचा प्रस्ताव होता. २०२१ च्या कायद्यात तो राहिला नाही. आपल्या सभांतून त्याविषयी रोष व्यक्त होतो, तो मलाही मान्य आहे. पण अधिकार मागणाऱ्याचे दप्तर आधी तपासले जाते.

माझे दोन प्रस्ताव आहेत. संघटनेने पंचायतीच्या अपत्यमर्यादेचे कलम रद्द करावे अशी लेखी मागणी शासनाकडे करावी; आणि गर्भिणीस पुंसवनाच्या नावाने औषध देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द व्हावे. पहिल्यास विरोध होणार नाही, कारण त्यात आपले काही जात नाही. दुसरा ठराव मी जिल्हा शाखेच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.