कोर्तिनाला जायचे, पण कशासाठी?

आपल्या शाळेच्या पालकांमध्ये आता परदेश सहलीचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. दुबई-सिंगापूर झाले, स्वित्झर्लंड झाले. आता आल्प्समध्ये स्कीइंगला जाण्याचे बेत कानावर येतात आणि त्यात इटलीतल्या कोर्तिना दांपेत्सोचे नाव हमखास निघते. १९५६ आणि २०२६ अशा दोन हिवाळी ऑलिंपिकचे हे यजमान गाव. १९८१ सालच्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या बाँडपटाचे चित्रीकरण इथे झाले. बड्या लोकांची ऊठबस असलेले ठिकाण म्हणून त्याचा लौकिक आहे. ज्याला परवडते त्याने जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. हौसेला मोल नसते, पण हौसेलाही हिशेब असावा. तिकिटाचा आणि हॉटेलचा हिशेब आपण जितक्या बारकाईने करतो, तितक्याच बारकाईने आपले मूल तिथून काय घेऊन येणार याचाही करावा, एवढेच माझे म्हणणे.

पहिला प्रश्न सुट्टीचा. तिथला स्कीइंगचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत बर्फ नाही आणि मे महिन्यात हंगाम संपलेला. उरला नाताळ. पण २४ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत खुद्द इटलीतल्या कुटुंबांनाही सुट्टी असते, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. जानेवारीच्या उत्तरार्धात दर जरा उतरतात, बर्फही चांगला असतो. पण तेव्हा आपली शाळा चालू असते. मग पुष्कळ घरांत काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. ‘ताप आल्यामुळे पाल्य आठ दिवस येऊ शकला नाही’ अशी चिठ्ठी शाळेत पोहोचते, आणि त्या चिठ्ठीवर सही करणारे आई-वडील मुलाच्या डोळ्यांसमोर सही करतात. कोर्तिनाच्या सहलीतला सर्वांत महागडा खर्च हाच, असे मला वाटते.

दहावी-बारावीचा विषय वेगळा. पण पाचवी ते आठवीच्या मुलाची आठ दिवस शाळा बुडाली, तर आकाश कोसळत नाही. बुडवायचीच असेल तर ती उघडपणे, खरे कारण लिहून, वर्गशिक्षकांना आधी भेटून बुडवावी. शाळेनेही अशा अर्जाकडे कपाळाला आठ्या न घालता पाहावे.

दुसरा प्रश्न स्कीइंगचा. स्कीइंग म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे की तिकीट काढले आणि बसलो. ती पोहण्यासारखी विद्या आहे. अंगात मुरायला दिवस लागतात. नवख्या माणसाचे पहिले दोन दिवस पडण्यात आणि उठण्यात जातात. ‘नऊ दिवसांत सात शहरे’ अशा सहलीत एक दुपार बर्फावर काढली, तर फोटो निघतात, स्कीइंग येत नाही. म्हणून जायचे तर एकाच ठिकाणी सहा-सात दिवस राहावे आणि रोज सकाळी स्कीशाळेत शिकवणी घ्यावी. कोर्तिनात सोक्रेपेसचे उतार सौम्य आहेत, नवख्यांना तेच बरे. ऑलिंपिकच्या शर्यतींचे तोफानाचे उतार खालून पाहावेत. शक्य असेल तर त्याआधी गुलमर्ग किंवा औली इथे शिकाऊ वर्ग करावा. तिथे मुलाला गोडी लागली की नाही ते कळते, आणि न लागल्यास इटलीचे भाडे वाचते.

काही गोष्टी नियमाच्याच आहेत. शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा लागतो. त्याखेरीज, आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा वेगळा विमा २०२२ पासून इटलीच्या स्की-उतारांवर सक्तीचा आहे. मुलांना हेल्मेट हवेच. हे सारे कागद मुलाला सोबत घेऊन भरावेत. अर्ज भरणे, नकाशा पाहणे, युरोचे रुपये करणे हेसुद्धा शिक्षणच आहे. व्हेनिसच्या विमानतळापासून कोर्तिना रस्त्याने सुमारे दोन तासांवर आहे. पूर्वी तिथवर आगगाडी जात असे. १९६४ साली ती बंद झाली आणि तिच्या मार्गावर आता सायकलवाट आहे. नकाशावर ती जुनी रेघ मुलाला शोधायला सांगावी.

आता खरा मुद्दा. हे गाव कोणाचे? १,२२४ मीटर उंचीवरच्या या गावात सहा हजारांहून कमी माणसे राहतात. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, नंतर इटलीत आले. मूळ रहिवाशांची भाषा इटालियनही नव्हे आणि जर्मनही नव्हे, ती लदिन. ही भाषा बोलणारी खोरी आज तीन प्रांतांत विभागली गेली आहेत. शेजारच्या बोल्झानो प्रांतातल्या शाळांत लदिनला जसे पक्के स्थान आहे, तसे कोर्तिनात नाही. २००७ साली कोर्तिना आणि शेजारच्या दोन गावांनी सार्वमत घेऊन त्या बाजूला जाण्याचा कौल दिला. कौल झाला, सीमा मात्र होती तिथेच राहिली. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी असे तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या बडोद्याच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

याच गावात ‘रेगोले’ नावाची शेकडो वर्षांची व्यवस्था अजून चालू आहे. भोवतालची राने आणि कुरणे जुन्या घराण्यांच्या सामाईक मालकीची आहेत. ती विकता येत नाहीत, वाटून घेता येत नाहीत. १९९० पासूनचे सुमारे ११,००० हेक्टरांचे निसर्ग उद्यान हीच मंडळी सांभाळतात. ज्या गावात घराच्या किमतीने डोळे पांढरे होतात, तिथली जंगले बाजारात आलीच नाहीत, याचे श्रेय या व्यवस्थेला आहे. मुख्य रस्त्यावरचे मोठे दुकानसुद्धा १८९३ साली स्थापन झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेचे आहे.

पण झगमगाटाची किंमतही हेच गाव मोजते आहे. १९७० च्या सुमारास इथली वस्ती आठ हजारांवर होती. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घरे घेतली, भाव वाढले आणि गावच्याच तरुणांना गावात राहणे जड झाले. बर्फही आता भरवशाचा नाही. उतारांवर यंत्राने बर्फ पाडावा लागतो. ३ जुलै २०२२ रोजी जवळच्या मार्मोलादा पर्वतावर हिमनदीचा कडा कोसळून ११ माणसे गेली. स्की करताना जिथून घसरत जायचे, त्या लागाझुओईच्या कड्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी पोखरलेले बोगदे आहेत. हे सर्व पाहायला वेगळे तिकीट नको, फक्त एक-दोन दिवस राखून ठेवावे लागतात. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये; तिथे बीटचे सारण भरलेला, वरून लोणी आणि खसखस घातलेला करंजीसारखा एक पदार्थ मिळतो. पारीत अंडे असते का, तेवढे विचारून घ्यावे.

प्रवासातून काय आणायचे, हे बडोद्याला कोणी शिकवायला नको. महाराजा सयाजीराव गायकवाड पुष्कळ वेळा परदेशी गेले. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना तिथून बोलावून घेतले आणि संस्थानात गावोगाव वाचनालये उभी राहिली. त्यांनी जे पाहिले ते एकट्यासाठी पाहिले नाही. आपण काही महाराज नाही, पण परत येताना सर्वांसाठी थोडे आणणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

म्हणून विश्वस्तांना माझी एक सूचना आहे. सहलीसाठी खरी रजा मागणाऱ्या पालकांना ती एका अटीवर द्यावी: मुलाने परत आल्यावर वर्गापुढे वीस मिनिटे मराठीत बोलावे. कोणत्या हॉटेलात उतरलो आणि किती खर्च आला, हे त्यात नको. त्याने वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी अशी सहल परवडणार नाही, त्यांचे मन उगीच खट्टू होते. लदिन भाषेतले दोन शब्द, रेगोलेची गोष्ट, किती वेळा पडलो आणि कसे उठलो, हे मात्र जरूर सांगावे. ऐकणाऱ्या चाळीस मुलांनाही मग थोडे कोर्तिना मिळेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर आई-बाबांकडे एक हट्ट जरूर धरा: शाळेला जी चिठ्ठी जाईल, ती खरी जाऊ द्या.