वाग्गेयकाराचे राज्य

संगीतकाराने, आणि त्यातही संगणकावरील खेळांना पार्श्वसंगीत देणाऱ्या संगीतकाराने, राजकारणात पाऊल टाकावे की नाही, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. कलावंत हृदयाने कोमल असतो, तेव्हा तो कारभारही सहृदयतेने करील, हे एक. आणि ज्याने जन्मभर मुलांच्या खेळांना चाली लावल्या, त्याला जमीनमहसुलातले काय कळणार, हे दुसरे. दोन्ही उत्तरे मला सारखीच आळशी वाटतात, आणि ती पारखून घ्यायला म्हैसूरइतके सोयीचे शहर नाही. कारण तेथे एक खराखुरा वाग्गेयकार, म्हणजे पदे आणि त्यांच्या चाली दोन्ही स्वतः रचणारा, सिंहासनावर बसला, सिंहासन गेल्यावर राज्यपाल झाला, आणि तरीही त्याच्या संगीताने त्याच्या राजकारणाविषयी काहीच सिद्ध झाले नाही.

जयचामराजेंद्र वडियार 1940 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चुलते नाल्वडी कृष्णराज यांच्या पश्चात गादीवर आले. पियानोवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते आणि पाश्चात्त्य संगीताच्या पदव्या त्यांनी लंडनच्या संस्थांकडून मिळविल्या होत्या. रशियन रचनाकार निकोलाय मेट्नर वृद्धापकाळी लंडनमध्ये विपन्नावस्थेत दिवस काढीत असता त्यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च म्हैसूरच्या खजिन्यातून झाला, आणि मेट्नर यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो कृतज्ञतेने या महाराजांना अर्पण केला. मात्र महाराजांचे चिरस्थायी काम झाले ते कर्नाटक पद्धतीत: म्हैसूर वासुदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संस्कृतात 94 कृती रचल्या, आणि त्यांतील पुष्कळशा क्वचितच गायिल्या जाणाऱ्या रागांत बांधल्या. सत्ताधीशाच्या कलेकडे लोक नेहमीच संशयाने पाहतात, कारण राजाचे काव्य वाईट आहे असे राजाच्या तोंडावर सांगणारा दरबारी अजून जन्माला यायचा आहे; पण या कृती राज्य गेल्यावरही मैफलीत टिकल्या, आणि कोणत्याही रचनेला याहून विश्वसनीय शिफारस मिळू शकत नाही.

आता या कृती रचल्या गेल्या त्या काळाचे दप्तर उघडून पाहावे. त्यांतील बहुतेक 1945 ते 1947 या वर्षांतल्या आहेत, म्हणजे संस्थानी सत्तेचा पाया खचत असतानाच्या. महाराजांनी 9 ऑगस्ट 1947 रोजी सामीलनाम्यावर सही केली, आणि देशभर त्यांची वाहवा झाली. परंतु जबाबदार राज्यपद्धती देण्याचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, दिवाण आर्कोट रामस्वामी मुदलियार यांचा अंमल चालूच राहिला, आणि सप्टेंबरमध्ये ‘म्हैसूर चलो’ची चळवळ पेटली. तीत रामस्वामी नावाचा एक विद्यार्थी म्हैसूर शहरात गोळीबाराला बळी पडला. त्याच्या नावाचा चौक आजही शहरात आहे. अखेर 25 ऑक्टोबर रोजी के. चेंगलराय रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले.

ज्या राजाच्या मनात देवीची स्तुती एकाहून एक दुर्मीळ रागांत आकार घेत होती, त्याच राजाच्या राजधानीत त्याच्या सरकारच्या शिपायांनी गोळी झाडली, या घटनेचे काय करायचे? त्या कृतींना रक्ताचा डाग लागला असे म्हणणारा मनुष्य मला अन्यायी वाटेल. आणि अशा अलौकिक रचना करणाऱ्याच्या राज्यात असे घडणेच शक्य नव्हते, दोष सगळा दिवाणाचा, असे म्हणणारा तर त्याहून अन्यायी, कारण तो एका विद्यार्थ्याचा मृत्यू चालींच्या हिशेबात वळता करून घेतो. गाण्याचा न्याय गाण्याने व्हावा आणि कारभाराचा कारभाराने.

पुढची हकीकत मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. राजप्रमुखपद भूषविल्यावर 1 नोव्हेंबर 1956 रोजी हेच महाराज नव्या म्हैसूर राज्याचे राज्यपाल झाले. आणि बेळगाव, कारवारचा मुलूख त्याच दिवशी त्या राज्यात गेला. ज्या ‘म्हैसूर’ या नावाविरुद्ध सीमाभागातील मराठी माणसाने वर्षानुवर्षे घोषणा दिल्या, त्या राज्याचा पहिला घटनात्मक प्रमुख एक थोर वाग्गेयकार होता, हे त्या घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी आले असेल कोण जाणे. आणि आले असते, तरी त्यांच्या मागणीत त्याने अक्षरानेही फरक पडायला नको होता.

या बाबतीत महाराजांचे एक वर्तन मला आदर्शवत् वाटते. आपल्या कृतींवर त्यांनी मुद्रा घातली ती ‘श्रीविद्या’ अशी, देवीच्या उपासनेची; सिंहासनाची नव्हे. (आपल्याकडे लता मंगेशकरांनी मराठी चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने, तीही अशीच रीत.) याच्या उलट उदाहरण जपानचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या 1986 सालापासून चालत आलेल्या खेळाचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी कधी सत्तेचे पद घेतले नाही. परंतु जपानी सैन्याने युद्धकाळात स्त्रियांना बळजबरीने वेश्याव्यवसायात लोटले नाही, असा दावा करणाऱ्या 2007 सालच्या वॉशिंग्टन पोस्टमधील जाहिरातीवर त्यांची सही होती. तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनात 2021 साली पथकांच्या संचलनाला त्यांचीच धून वाजली, आणि तिच्यावरून वाद झाला. खेळाचे संगीत शेकडो तास, बहुधा बालपणीच, कानांत मुरते; एखाद्या पुढाऱ्याचे भाषण कोणी इतक्या वेळा ऐकत नाही. ही जवळीक मतांत बदलून घेण्याचा मोह मोठा असतो, आणि म्हणून अशा संगीतकाराने राजकारणात यावे, पण आपली धून वाजवीत येऊ नये, असे मी म्हणेन.

त्यातही नेमणुकीच्या दाराने येण्यापेक्षा निवडणुकीच्या दाराने यावे. राज्यसभेतील बारा नियुक्त जागांवर लताबाई 1999 साली गेल्या, इलयराजा 2022 साली गेले; पैकी लताबाईंची सभागृहातील उपस्थिती अत्यल्प राहिली, आणि त्यांचे मोठेपण अबाधित असले तरी त्या जागेचे सार्थक झाले असे म्हणवत नाही. भूपेन हजारिका मात्र 1967 साली अपक्ष म्हणून आसामच्या विधानसभेवर निवडून आले, आणि 2004 साली लोकसभेला उभे राहून पडलेही. पु. ल. देशपांडे, जे स्वतः संगीत दिग्दर्शक होते, 1977 साली आणीबाणीविरुद्ध प्रचाराला उतरले आणि निवडणूक आटोपल्यावर सत्तेच्या वाटेला गेले नाहीत. दोघांनी लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडले; पदरात पद पडले की नाही, हा गौण भाग.

म्हैसूरच्या मतदाराला तर हा विवेक उपजतच असावा. त्या वाग्गेयकाराचे पुत्र श्रीकंठदत्त नरसिंहराज यांना त्याने चार वेळा लोकसभेवर पाठविले, आणि 1991 व 2004 साली घरीही बसविले. त्याच राजघराण्याचे यदुवीर 2024 साली खासदार झाले आहेत; त्यांनाही दर पाच वर्षांनी त्याच मतदाराकडे जावे लागेल.