विश्लेषण : कळ एकदा, अक्षर दोनदा… कीबोर्ड असा का बिघडतो?

‘नंद’ टाइप करायला जावे आणि पडद्यावर ‘ननंद’ यावी, हा विनोद वाटेल. पण मोबाइल क्रमांकातला एखादा आकडा असाच दोनदा उमटला, तर अर्जाचा ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो. रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत कीबोर्डला ही खोड लवकर लागते. बहुतेक वेळा बिघाड किरकोळ असतो, महाग पडते ते चुकीचे निदान.

नेमके काय घडते?

बहुतेक साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विद्युतवाहक शाईच्या रेघा असतात, तर मधल्याला भोके. कळ दाबली की तिच्याखालची रबरी टोपी दबते, दोन्ही रेघा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. मात्र हे टेकणे एका झटक्यात होत नाही. काही मिलिसेकंद संपर्क जुळतो, सुटतो, पुन्हा जुळतो. हे सगळे एकच दाबणे आहे हे ओळखण्यासाठी कीबोर्डमधील चिप क्षणभर थांबते. या युक्तीला ‘डिबाउन्सिंग’ म्हणतात. संपर्काची जागा झिजली, मळली किंवा गंजली की जुळण्या-सुटण्याचा हा खेळ चिपच्या सहनशक्तीपेक्षा लांबतो. मग एकच दाबणे तिला दोन वाटतात.

दुसरा प्रकार वेगळा आहे. कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटावे, ही संगणकाने मुद्दाम दिलेली सोय आहे. विंडोजमध्ये ही पुनरावृत्ती किती वेळाने सुरू व्हावी हे पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत ठरवता येते. ही मर्यादा सर्वात कमी ठेवलेली असेल, तर ज्यांची बोटे कळेवर रेंगाळतात अशा ज्येष्ठांना किंवा नवशिक्यांना कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात बिघाड काहीच नसतो.

‘कक’ आणि ‘कककककक’ यांत फरक काय?

निदानाची पहिली खूण इथेच मिळते. एखादे अक्षर अधूनमधून दोनदाच उमटत असेल, तर संशय त्या कळेच्या संपर्कावर घ्यावा. अक्षर धावत सुटत असेल, तर कळ खाली अडकली आहे किंवा ‘कळ सुटली’ हा संदेश संगणकापर्यंत पोहोचलेला नाही. वायरलेस कीबोर्डमध्ये हे घडू शकते. बॅटरी उतरलेली असते किंवा रिसीव्हर संगणकाच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी दडलेला असतो. त्या पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये अडथळा आणतो. बॅटरी बदलून रिसीव्हर समोरच्या बाजूला लावला तरी अनेकदा काम भागते. सगळ्याच कळा दोनदा उमटत असतील, तर एकाच वेळी सगळे संपर्क झिजले असण्याची शक्यता कमी. तिथे सेटिंग, सॉफ्टवेअर किंवा जोडणी आधी तपासावी.

रत्नागिरीच्या हवेचा संबंध कसा?

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे नेहमीचेच. मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये या किनाऱ्यालगतच्या भागांत समुद्रावरून येणारे क्षाराचे सूक्ष्म कण खिडकीच्या बिजागरीवर बसतात, तसेच कीबोर्डच्या फटींतही बसतात. उन्हाळ्यात ते निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात त्यांचे खारे पाणी होते. ते वीज वाहते आणि धातूही खाते. त्यात चहाचे थेंब, फरसाणाचा चुरा आणि त्यामागून येणाऱ्या मुंग्या यांची भर पडली की कळा दगा देऊ लागतात.

निदान कोणत्या क्रमाने करावे?

पहिली चाचणी अदलाबदलीची. दुसरा कीबोर्ड याच संगणकाला लावावा आणि हा कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला. दोष कीबोर्डबरोबर गेला तर कीबोर्ड सदोष. दोष संगणकाकडेच राहिला तर कंट्रोल पॅनेलमधील ‘कीबोर्ड’ विभागात जाऊन ‘रिपीट डिले’ वाढवावा, नंतर यूएसबी पोर्ट बदलून पाहावा. लॅपटॉपला बाहेरून साधा यूएसबी कीबोर्ड जोडला की हाच उलगडा होतो. बाहेरच्या कीबोर्डवर सर्व नीट उमटत असेल, तर विंडोज नव्याने टाकण्यात अर्थ नाही. ही दहा मिनिटांची चाचणी न करता ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणणे म्हणजे दाढ दुखते म्हणून चष्मा बदलण्यासारखे आहे.

एक इशारा महत्त्वाचा. लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा टचपॅड मधोमध फुगल्यासारखा दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगून वर दाब देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जिंग थांबवून लॅपटॉप थेट दुरुस्तीला न्यावा. हे काम घरी करण्याचे नाही.

साफसफाईने भागते का?

मळ हे कारण असेल तर बऱ्याचदा भागते. संगणक बंद करून कीबोर्ड काढावा, उलटा करून हलके ठोकावा, मऊ ब्रशने फटी झाडाव्यात. निघणारी कळ असेल तर ती काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलवलेल्या कापसाच्या बोळ्याने जागा पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच कीबोर्ड जोडावा. सुगंधी सॅनिटायझर, खोबरेल तेल किंवा गंज काढण्याचा स्प्रे वापरू नये. त्यांचा चिकट थर मागे राहतो. भिजलेला कीबोर्ड तांदळात पुरून ठेवण्याचाही फारसा उपयोग नाही. पाणी उडून जाते, त्यातला क्षार आणि साखर तिथेच राहते. वाहक शाईची रेघ एकदा खाल्ली गेली, की ती पुसून परत येत नाही. मग कीबोर्ड बदलणेच स्वस्त.

सेटिंगने झाकता येते का?

विंडोजच्या ‘फिल्टर कीज’मध्ये लागोपाठ आलेले तेच अक्षर दुर्लक्षित करण्याची सोय आहे. पण ती कुबडी आहे, उपचार नव्हे. तिची मर्यादा अर्ध्या सेकंदापासून सुरू होते. सराईत हात ‘४४’ त्याहून लवकर टाइप करतो, म्हणजे खरा दुसरा चारही गिळला जाण्याचा धोका. एक चूक झाकताना दुसरी जन्माला येते.

आकड्यांचा धोका म्हणूनच अधिक गंभीर आहे. नावात जादा अक्षर पडले तर डोळ्याला खटकते. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात मात्र दहाच आकडे मावतात. मधला एक दोनदा उमटला की शेवटचा बाहेर राहतो आणि रकाना तरीही भरलेला दिसतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक पडताळणीसाठी असतो, त्यामुळे तिथे अशी चूक बहुधा पकडली जाते. मोबाइल क्रमांकाला असा पहारेकरी नाही.

दोष फक्त वापरणाऱ्याचा का?

नाही. ॲपलने २०१५ पासून मॅकबुकमध्ये आणलेल्या अतिपातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्डबाबत अक्षरे आपोआप पुन्हा उमटण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीस आलेल्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कंपनी जुन्या धाटणीच्या रचनेकडे परतली. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात, चूक मान्य न करता, २०२२ मध्ये पाच कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. पातळपणाच्या हव्यासात धुळीच्या कणालाही जागा उरली नव्हती. आजही अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेटने ठोकलेला असतो. एक कळ बिघडली तरी अख्खा भाग बदलण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण सुटे भाग सहज निघतील अशी रचना झाल्याशिवाय तो हक्क कागदावरच राहील.

मग करायचे काय?

घरचा कीबोर्ड बिघडला तर त्रास घरापुरता राहतो. सेवा केंद्रातला किंवा कार्यालयातला बिघडला तर त्याची किंमत खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस मोजतो. लांजा किंवा संगमेश्वरहून एसटीने आलेल्या अर्जदाराला नावातल्या एका जादा अक्षरासाठी पुन्हा हेलपाटा पडतो. ३० किंवा ४० शब्दांच्या वेगाच्या टायपिंग परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची चूक त्याची नसली, तरी ती त्याच्याच नावावर लागते.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. किनारपट्टीवर कीबोर्डला टेबल-खुर्चीसारखे कायमचे सामान न समजता, शाईच्या काडतुसासारखी झिजणारी वस्तू मानावी. मेअखेरीस छपराची कौले चाळताना संगणकाच्या कळाही तपासाव्यात, एक जादा यूएसबी कीबोर्ड कपाटात ठेवावा, काम संपल्यावर त्यावर कापड टाकावे. आणि अर्ज पाठवण्याआधी पडदा अर्जदाराकडे वळवून नाव आणि क्रमांक त्याच्याकडून वाचून घ्यावा. साधा कीबोर्ड काहीशे रुपयांत येतो. चुकलेल्या क्रमांकामुळे बुडालेला एक दिवस, तोही मजुरी सोडून आलेल्याचा, त्याहून महाग असतो.